उलट्या बाजूला बघणारी भिंगरी

मी कुत्र्यांच्या वागण्याच्या अडचणी सोडवते. भिंगरी ही कुत्री माझ्याकडे आली ती एका फाटक्या पँटमुळे. सकाळच्या फेरीत मागून सायकल आली, भिंगरी लीशच्या टोकापर्यंत झेपावली आणि सायकलस्वाराच्या घोट्यापाशी तिनं तोंड घातलं. कापड टरकन फाटलं, कातडीवर दोन लाल रेघा उमटल्या, रक्त आलं नाही. कुत्र्यांच्या चाव्यांसाठी श्वानवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, तीत हा चावा दुसऱ्या पायरीवर बसतो: दात लागले, पण रुतले नाहीत. सायकलस्वार समजूतदार निघाला. घरच्यांची झोप मात्र उडाली, कारण आठ महिन्यांतला हा तिसरा प्रसंग होता. पहिल्या वेळी धावायला निघालेल्या एका बाईंच्या पोटरीला तिनं नाकानं ढुशी दिली होती. दुसऱ्या वेळी घरातल्याच नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला दात लागले होते. हा दुसरा प्रसंग त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलाच नाही.

भिंगरी ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. ज्यांना हे नाव लांबलचक वाटतं ते ब्लू हीलर म्हणतात. तीन वर्षांची, ऑपरेशन झालेली मादी, वजन १९ किलो, अंगभर निळसर करडे ठिपके आणि चेहरा कोरा. या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांच्या डोळ्यांभोवती काळा किंवा लालसर डाग असतो, मुखवटा चढवल्यासारखा. तिला तो नव्हता. कोऱ्या चेहऱ्याची मी पहिल्याच दिवशी वहीत नोंद केली, आणि नंतर पाच आठवडे त्या नोंदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची कबुली पुढे येईलच.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे चोवीस तासांचा हिशेब मागितला. दादांनी (कुत्रीचे बाबा, मी त्यांना दादा आणि त्यांच्या पत्नीला ताई म्हणते) मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मॅडम, दमवण्यात आम्ही काही कमी ठेवत नाही." खरंच ठेवत नव्हते. पहाटे त्यांच्याबरोबर आठ किलोमीटर धावणं, घरी आल्यावर अर्धा तास चेंडू, दुपारी मुलगा शाळेतून आला की पुन्हा चेंडू, संध्याकाळी ताईंबरोबर तासभर फिरणं, रात्री जेवणानंतर घरातच दोरीची ओढाओढ. एवढं करूनही ती घरात स्वस्थ बसत नव्हती. कोणी खुर्चीतून उठलं की उठायची, दार वाजलं की धावायची, मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळाला की त्याच्या टाचांशी. मग घरच्यांनी तोच निष्कर्ष काढला जो सगळे काढतात: अजून दमवायला हवं.

मी त्यांना आठवडाभर फक्त तिची झोप लिहून ठेवायला सांगितली. सरासरी आली नऊ तासांच्या आसपास, तीही तुकड्या-तुकड्यांत. प्रौढ कुत्रा साधारणपणे दिवसाचा निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ झोपेत घालवतो. भिंगरीची झोप म्हणजे जागरण झालेल्या माणसाची झोप होती. आणि जागरण झालेल्या माणसासारखीच ती चिडचिडी, दचकी आणि एका क्षणात पेटणारी झाली होती.

इथे जातीचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्याशिवाय तिचं वागणं 'दुष्टपणा' वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू साऊथ वेल्समधल्या टॉमस हॉल या पशुपालकानं इंग्लंडहून आणलेल्या गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांचा संकर तिथल्या डिंगोशी, म्हणजे रानकुत्र्याशी, केला. अर्धवट रानटी झालेली गुरं शेकडो किलोमीटर हाकत बाजारापर्यंत न्यायची होती. भुंकणारा कुत्रा गुरांना बिथरवायचा, दमायचा. हॉलला हवा होता तो न भुंकता मागून येणारा, टाचेला चिमटा काढून लाथ यायच्या आत जमिनीसरसा होणारा कुत्रा. तो त्याला मिळाला, आणि १८७० साली हॉल वारल्यानंतर ही कुत्री त्याच्या गोतावळ्याबाहेर पसरली. आता सांगा: गप्प राहून मागून येणं, हलणाऱ्या पायाच्या टाचेला तोंड लावणं आणि लगेच खाली दबणं. सायकलस्वाराच्या बाबतीत भिंगरीनं यातलं काय वेगळं केलं? तिच्या पणज्यांना ज्यासाठी शाबासकी मिळाली, त्यासाठी तिला ओरडा बसला.

ओरड्यापेक्षाही वाईट काहीतरी बसलं होतं. वर्षभरापूर्वी त्यांनी एका प्रशिक्षकाकडून धडे घेतले होते. त्यानं झटका देणारी साखळी घालायला सांगितली: ती गुरगुरली की हिसका. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं. ताई म्हणाल्या, "तेव्हा वाटलं, फरक पडला." फरक पडलाच होता. पूर्वी सायकल दिसली की ती आधी ताठ व्हायची, मग गुरगुरायची, मग झेपावायची. आता मधली पायरीच गळाली. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे गाडीचा हॉर्न. तो काढून टाकला म्हणून गाडी थांबत नाही. पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संघटनेनं २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्यांना शिकवताना आणि त्यांच्या वर्तनाच्या अडचणी सोडवताना बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात. ती साखळी त्या दिवशी मी माझ्या पिशवीत टाकून घेऊन आले. अजून माझ्याकडेच आहे.

सगळ्यात आधी पशुवैद्य. अचानक वाढलेल्या चिडखोरपणामागे दुखणं असू शकतं, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही शिकवलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणी. सांधे, दात, पाठ, थायरॉइड तपासून झालं, कंबरेचा एक्स-रे काढला. सगळं ठीक. कान आतून बघितले, स्वच्छ होते. टाळी वाजवली, भिंगरीनं मान वळवली. ऐकू येतं, असं लिहिलं गेलं आणि मीही ते वाचून पान उलटलं.

पहिले दोन आठवडे मी काहीही शिकवलं नाही. धावणं बंद, चेंडू बंद, रस्त्यावरची फेरी बंद. दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "मॅडम, घर खाऊन टाकेल ती." मी म्हणाले, तीन दिवस खाईल. प्रत्यक्षात चार दिवस लागले. ती येरझाऱ्या घालायची, चेंडूच्या कपाटासमोर बसून कुईं-कुईं करायची, एक उशी तिनं सद्गतीला नेली. पाचव्या दिवशी दुपारी ती तीन तास सलग झोपली. घरातल्या आजींनी फोन करून विचारलं, "आजारी तर नाही ना गं?" तीन वर्षांत त्यांनी तिला दुपारी झोपलेलं पाहिलंच नव्हतं.

रोज तासभर चेंडूमागे पळणाऱ्या कुत्र्याचं काय होतं, ते इथे लिहून ठेवते, कारण हा गैरसमज मला दर आठवड्याला भेटतो. तो दमत नाही, त्याचा सराव होतो. पहिल्या महिन्यात वीस मिनिटांत थकणारा कुत्रा सहाव्या महिन्यात तासाभरानंतरही ताजा असतो, कारण तुम्ही घरबसल्या एक खेळाडू तयार केलेला असतो. शिवाय चेंडूचा खेळ म्हणजे हलणाऱ्या वस्तूवर नजर खिळवा, झेप घ्या, पकडा. भिंगरीला आम्ही दिवसातून शेकडो वेळा नेमकी तीच गोष्ट घटवून घेत होतो, आणि मग सायकलमागे जाऊ नकोस म्हणून तिच्यावर रागावत होतो.

चेंडूच्या जागी हुंगण्याचं काम आलं. रोजच्या खाण्यातलं निम्मं खाणं गवतात उधळून द्यायचं, तिनं नाकानं वेचून खायचं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्या, खोक्यात खोकं. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं काठीला बांधलेल्या दोरीमागे पळणं, पण नियमासह: बसल्याशिवाय दोरी हलणार नाही, 'सोड' म्हटल्यावर सोडली तरच पुन्हा हलणार. पाठलागाची खाज मारायची नव्हती, तिला दार लावायचं होतं. आणि एक चटई. चटईवर तिनं स्वतःहून अंग टाकलं की शांतपणे एक तुकडा पंजांच्या मध्ये ठेवायचा, कौतुकाचा आवाज न करता. बसण्याला नाही, ढिलं पडण्याला बक्षीस. कूस एका बाजूला कलली, श्वास लांबला, हनुवटी खाली टेकली की तुकडा. हे शिकवणं कंटाळवाणं आहे आणि समाजमाध्यमांवर टाकण्याजोगा व्हिडिओ यातून निघत नाही. भिंगरीच्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, असं माझं मत.

याच काळात मुसक्याची सवय. जाळीचं मुसकं, ज्यात तोंड पूर्ण उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. बारा दिवस लागले. आधी मुसकं म्हणजे वाटी, त्यात खाऊ; मग नाक आत घालून खाणं; मग पट्टा एक क्षण लावून काढणं. ताईंना मुसक्याची लाज वाटत होती. "लोक काय म्हणतील, केवढी खुनशी कुत्री आहे." मी म्हटलं, म्हणू देत, लांबून जातील. आपल्याला तेच हवंय.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही बाहेर पडलो. पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), पाच मीटरची लांब लीश, आणि कमरेच्या पिशवीत उकडलेल्या मांसाचे नखाएवढे तुकडे. एका मोकळ्या मैदानाच्या कडेला मुलाची सायकल स्टँडवर उभी केली आणि आम्ही लांबून जवळ येत गेलो. चाळीस मीटरवर भिंगरीचं तोंड मिटलं.

एवढंच. तोंड मिटलं. त्याआधी ती जीभ बाहेर काढून धापत होती; सायकल नजरेस पडली आणि जबडा बंद झाला. मग कपाळाची कातडी किंचित ताणली गेली, उजवा पुढचा पंजा बोटभर वर आला, मान खांद्यांच्या रेषेखाली गेली. हे सगळं दोन सेकंदांत. ताईंना यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्यांना भिंगरीची झेप दिसायची, झेपेआधीची भिंगरी कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं: तोंड मिटलं की मी बोट वर करायचं, ताईंनी बघायचं. दहाव्या वेळी त्यांनी माझ्याआधी बोट वर केलं.

चाळीस मीटर हा उंबरठा. उंबरठ्याच्या अलीकडे राहून काम करायचं, ओलांडायचा नाही. तिनं सायकलकडे पाहिलं की 'हो' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. पाहणं, 'हो', तुकडा. काही दिवसांत सायकल दिसल्यावर ती आपणहून माणसाकडे मान वळवू लागते: बघितली बरं का, आण माझं. भीतीच्या जागी हिशेब येतो.

या साध्या क्रमातच दादा अडकले. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला की तिला आता तुकडाच नको झालाय, पिशवी दिसली की कावरीबावरी होते. मी जाऊन पाहिलं. दादा चतुर माणूस, त्यांना सायकल तिच्याआधी दिसायची आणि दिसताच हात पिशवीत जायचा. भिंगरीच्या दृष्टीनं क्रम उलटा झाला होता: आधी पिशवीत हात, मग सायकल. आठवडाभरात ती शिकली की बाबांचा हात पिशवीकडे गेला म्हणजे काहीतरी भयंकर येतंय. खाऊच धोक्याची घंटा झाला. उपाय हास्यास्पद वाटेल, पण लागू पडला: दादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि भिंगरीनं सायकल बघितल्यावर, 'हो' म्हणून झाल्यावरच हात सोडवायचे. पंधरा दिवस ते मैदानात शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे असत.

आणखी एक खूण आम्हाला उपयोगी पडली. शांत असताना भिंगरी तळहातावरून ओठांनी तुकडा उचलायची. ताण वाढला की बोटांना दात लागायचे. ताईंची बोटंच आमचं मापक झाली. दात लागले की दहा पावलं मागे, दुसऱ्यांदा लागले की सरळ घरी.

चौथ्या आठवड्याअखेर उभी सायकल पंधरा मीटरवर, हातानं ढकललेली पंचवीस मीटरवर, लांब जाणारी चालती सायकल तीस मीटरवर चालून जात होती. अंगावर येणारी सायकल अजून पन्नासच्या आत नव्हती. हे अपेक्षितच, लांब जाणारी वस्तू सोपी, जवळ येणारी अवघड, आणि आडवी जाणारी या जातीला पाठलागासाठी सगळ्यात मोहाची. आलेख छान चढत होता आणि मी खुशीत होते.

मग पाचव्या आठवड्यातला मंगळवार. लीश माझ्या हातात होती. चौकशी केलीच तर दोष माझा. मैदानातून परतताना मागून एक सायकल आली. स्वारानं घंटी वाजवली, चांगली खणखणीत. भिंगरीनं ती ऐकली: कान उभे झाले, आणि मान उजवीकडे वळली. सायकल डावीकडून येत होती. उजवीकडे तिला काही दिसलं नाही, ती गोंधळून गर्रकन फिरली तेव्हा चाक तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. ती जी उसळली, ते मुसकं सायकलच्या पॅडलवर खाडकन आपटलं. मुसकं नसतं तर त्या स्वाराची टाच गेली होती.

घरी आल्यावर मी जरा वैतागूनच घडलेलं सांगत होते. आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती हाक मारली तरी आधी उलट्याच बाजूला बघते. लहानपणापासून. मला वाटायचं नाटकी आहे."

मी वही काढली. पाच आठवड्यांच्या नोंदींत, घरच्यांनी सांगितलेले जुने प्रसंग धरून, चौदा वेळा ती उंबरठा ओलांडून गेली होती. त्यांपैकी अकरा वेळा गोष्ट डावीकडून किंवा मागून आलेली. प्रत्येक नोंदीत मी दिशा लिहिली होती, कारण तसा रकानाच आहे माझ्या वहीत. रकाना भरला होता, वाचला नव्हता. आणि पहिल्याच पानावर: चेहरा कोरा.

आता तो कोरा चेहरा. कॅटल डॉगची पिल्लं जन्मतः जवळपास पांढरी असतात, ठिपके नंतर भरतात. पांढऱ्या रंगाशी निगडित जनुकांचा कानाशी संबंध आहे: आतल्या कानाला रंगपेशी लागतात, त्या नसल्या तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरतात. हे एका कानात होऊ शकतं आणि दुसरा अगदी उत्तम राहू शकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जातीच्या ८९९ कुत्र्यांचे कान तपासले, त्यांत १०.८ टक्के जन्मतः बहिरे निघाले, आणि त्यांतले बहुतेक एकाच कानानं. चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना डाग असलेल्यांत हे प्रमाण कमी होतं. डाग नाही म्हणजे बहिरा असं नव्हे, पण डाग नसलेला कॅटल डॉग आणि एका बाजूनं येणाऱ्या गोष्टींना दचकणं, हे एकत्र दिसल्यावर तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती.

एका कानाचं बहिरेपण टाळी वाजवून कळत नाही. कुत्रा चांगल्या कानानं टाळी ऐकतो आणि मान वळवतो, आपण खूश. खात्री करायची तर बेअर चाचणी: डोक्याच्या कातडीखाली अगदी बारीक सुया लावतात, एका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत विजेच्या लहरी पोचतात का ते पडद्यावर बघतात. मग दुसरा कान. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की ही चाचणी करता येते, म्हणजे ती पैदास करणाऱ्याकडेच व्हायला हवी. भिंगरीच्या उजव्या कानाची रेघ डोंगरदऱ्यांची आली. डाव्या कानाची सपाट.

एक कान गेल्यानं आवाज बंद होत नाही, दिशा बंद होते. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांत तो पोचण्याच्या वेळेतल्या आणि तीव्रतेतल्या फरकावरून ठरवतो. एकच कान असेल तर सगळं जग त्याच बाजूला वाजतं. भिंगरीसाठी प्रत्येक घंटी, प्रत्येक हाक, प्रत्येक पाऊल उजवीकडे होतं. उजवीकडे बघावं तर कोणी नाही, आणि मग डावीकडून अचानक काहीतरी अंगावर. तीन वर्षं ती अशा जगात राहत होती जिथे गोष्टी शून्यातून उगवतात.

मग आम्हाला कळलं की आम्ही तिच्याशी कसं वागत होतो. कुत्र्याला आपल्या डाव्या हाताला चालवायचं, असा शिरस्ता आहे, आधीच्या प्रशिक्षकानंही तो पक्का करून घेतला होता. डाव्या हाताला चालणाऱ्या कुत्र्याची उजवी बाजू माणसाकडे असते आणि डावी बाजू जगाकडे. म्हणजे तिचा ऐकता कान ताईंच्या पायानं झाकलेला आणि बहिरा कान रस्त्याकडे. त्याच दिवशी तिला उजव्या हाताला घेतलं. आता बहिऱ्या बाजूला माणूस, ऐकत्या बाजूला जग. एवढ्या एका बदलानं पुढच्या आठवड्यात उंबरठा ओलांडण्याचे प्रसंग चारावरून एकावर आले. त्यापूर्वीच्या महिन्याभराच्या कामाशिवाय ते झालं नसतं हेही खरं. झोपेला मुकलेली भिंगरी कुठल्याही हाताला चालली असती तरी पेटलीच असती.

आणि मुलाच्या हाताचा प्रसंग. तो आता ताईंनी सांगितला, थोडं अडखळत. भिंगरी सोफ्याशेजारी झोपली होती, मुलानं तीनदा हाक मारली, ती उठली नाही, त्यानं पाठीवर हात ठेवला आणि ती फिरून चावली. त्यावरून घरात ठरलं होतं की ती पोराला जुमानत नाही, त्याच्यावर वर्चस्व गाजवते. मी विचारलं, कुठल्या कुशीवर झोपली होती? कोणाला आठवेना. मुलालाच आठवलं: "हा कान वर होता," असं म्हणत त्यानं स्वतःचा डावा कान धरला. उजवा कान उशीत दाबला गेला की भिंगरी ठार बहिरी. त्या दुपारी तिला तीन हाकांपैकी एकही ऐकू गेली नव्हती.

तिचं अंथरूण भिंतीच्या कोपऱ्यात नेलं, पाठीला भिंत आणि समोर दार. झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला हात नाही. अंथरुणाजवळ जमिनीवर पाय आपटायचा, थरथर तिला कळते, मग ती मान वर करते, मग बोलायचं. मुलानं हा नियम कागदावर लिहून भिंतीवर चिकटवला, खाली पंजाचं चित्र काढून. मोकळं सोडल्यावर हाक मारायची तर आधी शीळ, आणि शीळ ऐकली की गोल फिरून हात हलवणारं माणूस शोधायचं, हे वेगळं शिकवलं. शीळ म्हणजे 'ये' नाही, शीळ म्हणजे 'शोध'. हे ती दोन दिवसांत शिकली. या जातीला शिकवणं सोपंच असतं. त्यांनी काय शिकावं हे आधी आपल्याला कळावं लागतं.

मागून येणाऱ्या सायकलीसाठीही नवा धडा बसवला. घंटी वाजली की रस्त्याच्या कडेला वळायचं, माणसाच्या पायाला पाठ लावून बसायचं आणि तुकडे खात वाट बघायची, सायकल दिसेपर्यंत. घंटीची दिशा तिला कळायची गरजच उरली नाही. हा धडा आधी घरात मोबाइलवर घंटीचा आवाज लावून केला, मग अंगणात, मग रस्त्यावर मुलाच्या सायकलीबरोबर. मुलाला शंभर वेळा घंटी वाजवायची अधिकृत परवानगी मिळाल्यानं तो या प्रकरणातला सगळ्यात समाधानी माणूस होता.

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी. झोप चौदा तासांच्या आसपास. समोरून येणारी सायकल आठ मीटरवरून जाते, भिंगरी बघते आणि मान वळवून तुकडा मागते. धावणारी माणसं तिला आता फारशी लक्षात येत नाहीत. गुरगुरणं परत आलंय, महिन्यातून एखाद-दोनदा, आणि ते ऐकल्यावर ताईंनी मला आनंदानं फोन केला होता. स्केटबोर्ड मात्र जमलेला नाही. चाकांचा तो खरखराट पन्नास मीटरवरूनही तिला सोसत नाही आणि आम्ही सध्या त्या रस्त्यानं जातच नाही. गर्दीत मुसकं अजून असतं, ते काढायची मला घाई नाही. दादांना आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर धावायची परवानगी दिली आहे, चेंडूची दिलेली नाही. तो कपाटात आहे आणि भिंगरीला कपाट पक्कं माहीत आहे.

माझ्या वहीत मी एक बदल केला. दिशेचा रकाना आता दर शुक्रवारी मोजायचा, भरून ठेवायचा नाही. आणि ज्या घरात आजी-आजोबा असतील तिथे पहिल्या भेटीत त्यांनाही समोर बसवून विचारायचं, तुम्हाला ही कशी दिसते.

शेवटच्या भेटीला गेले तेव्हा चौघंही तिला घेऊन फिरायला निघाली होती. लीश ताईंच्या उजव्या हातात. फाटकाबाहेर पडल्यावर काही पावलांनी ताईंना फोन आला, त्यांनी लीश दादांकडे दिली आणि दादांनी सवयीनं डाव्या हातात घेतली. मुलगा पुढे चालत होता, त्यानं मागे वळून बघितलं, काही न बोलता मागे आला आणि भिंगरीच्या डाव्या बाजूनं चालू लागला.